मुदतवाढ कराची की विवरणपत्राची?

आयकर हा उत्पन्न मिळून गेल्यानंतर हिशेब होऊन चुकता होणारा कर आहे, आणि साथरोगाच्या काळात सरकारने त्याचा भरणा पुढे ढकलावा की नाही या प्रश्नातली बरीचशी गुंतागुंत या एका गोष्टीतून निर्माण होते. एप्रिल 2019 ते मार्च 2020 या आर्थिक वर्षात ज्या व्यापाऱ्याने नफा कमावला, त्याचा उरलेला कर 2020च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात द्यायचा होता. नफा खरा होता आणि त्यावरची देयताही खरी होती. मात्र ती चुकती करण्यासाठी लागणारी रोकड 25 मार्च 2020पासून लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीमुळे बंद दुकानातल्या मालात आणि वसूल न झालेल्या उधारीत अडकून पडली होती. मागच्या वर्षाचे उत्पन्न आणि चालू महिन्याची रोकड यांची अशी फारकत झाली असताना कर कशाकडे पाहून मागायचा, याबद्दल दोन प्रामाणिक भूमिका संभवतात.

पुढील संवादात या भूमिका मांडणाऱ्या दोन व्यक्ती कल्पित आहेत, पण त्यांनी दिलेले आकडे आणि तारखा कल्पित नाहीत. एक आहेत यंत्रमाग, किराणा आणि छोटे कंत्राटी व्यवसाय करणाऱ्यांची विवरणपत्रे वर्षानुवर्षे भरत आलेल्या करसल्लागार. दुसरे आहेत सार्वजनिक वित्त हा विषय शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, ज्यांना सरकारच्या तिजोरीची काळजी करदात्याच्या गल्ल्याइतकीच महत्त्वाची वाटते.

करसल्लागार : सर, व्याजाशिवाय दिलेली मुदतवाढ ही सरकारला अत्यंत स्वस्त पडणारी मदत असते, कारण तीत कर माफ होत नाही, तो काही महिने उशिरा येतो एवढेच. ब्रिटनने स्वयंरोजगारितांचा 31 जुलै 2020 रोजी देय असलेला हप्ता 31 जानेवारी 2021पर्यंत कोणत्याही व्याजाविना लांबवला. अमेरिकेने 15 एप्रिलची वार्षिक तारीख 15 जुलैवर नेली आणि विवरणपत्राबरोबर कराचा भरणाही पुढे नेला. मधल्या तीन महिन्यांचे व्याज घेतले नाही की दंडही लावला नाही. आपल्याकडे 24 मार्च 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दिलासा जाहीर केला तो व्याजदर 12 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आणण्याचा. ज्याचे शटर सरकारच्याच आदेशाने खाली आले आहे, त्याच्याकडून उशिराबद्दल 9 टक्के घेणे याला दिलासा म्हणणे जड जाते.

प्राध्यापक : घोषणा पूर्ण वाचली तर चित्र इतके कंजूष दिसत नाही. 31 मार्च 2020 रोजी निघालेल्या अध्यादेशाने, म्हणजे संसदेचे अधिवेशन नसताना राष्ट्रपतींनी काढलेल्या तात्पुरत्या कायद्याने, 20 मार्च ते 29 जून या काळात देय होणाऱ्या रकमा 30 जूनपर्यंत भरल्यास व्याज महिन्याला पाऊण टक्क्यापेक्षा जास्त लागणार नाही असे ठरवले आणि त्या उशिरासाठी दंड व खटला दोन्ही काढून टाकले. उद्गम कर कपात, म्हणजे रक्कम देणाऱ्यानेच आधी कापून सरकारजमा करायचा टीडीएस, वेळेवर न भरणे हा एरवी तुरुंगवासापर्यंत जाणारा गुन्हा आहे आणि त्यावर महिन्याला दीड टक्का व्याज लागते. तेथे पाऊण टक्का म्हणजे निम्मी सवलत झाली. शिवाय टीडीएसचा पैसा मुळात कापणाऱ्याच्या मालकीचा नसतो; दुसऱ्याच्या कराची रक्कम बिनव्याजी वापरायला देणे कोणत्या न्यायात बसते?

करसल्लागार : टीडीएसबाबतचा मुद्दा मान्य आहे. पण अध्यादेशाची चौकट कोठून सुरू होते ते पाहावे. अग्रिम कराचा, म्हणजे चालू वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर वर्षभरात चार हप्त्यांत भरायच्या कराचा, शेवटचा हप्ता 15 मार्चला असतो. चौकट उघडते 20 मार्चला. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ज्यांची येणी थकली आणि ज्यांनी हप्ता थोडा लांबवला, त्यांना पाऊण टक्क्याचा लाभ मिळालाच नाही. तरीही खरी तक्रार या चार-पाच दिवसांबद्दल नाही. पुढे 24 जून 2020च्या अधिसूचनेने 2019-20च्या विवरणपत्राची तारीख 31 जुलैवरून 30 नोव्हेंबरवर गेली, मग 31 डिसेंबरवर आणि शेवटी, ज्यांच्या हिशेबांना लेखापरीक्षण लागत नाही अशांसाठी, 10 जानेवारी 2021वर. प्रत्येक वेळी बातमी आली ती आयकराला मुदतवाढ अशी. वाढली होती ती विवरणपत्राची मुदत. कराच्या भरण्याला मिळालेली वाढ अटींनी बांधलेली होती.

येथे थोडे थांबून आयकर कायद्यातील व्याजाची रचना समजून घ्यावी लागते, कारण दोघांमधल्या मतभेदाचे मूळ तिच्यात आहे. तेव्हा लागू असलेल्या 1961च्या आयकर कायद्यात उशिराबद्दल तीन वेगवेगळी व्याजे आहेत आणि तिन्ही महिन्याला एक टक्का या दराने लागतात, ज्यांपैकी पहिल्या दोहोंत महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. कलम 234ए विवरणपत्र उशिरा भरण्याबद्दल आहे. कलम 234बी वर्ष संपेपर्यंत देय कराच्या 90 टक्केही अग्रिम कर न भरल्याबद्दल आहे आणि ते पुढच्या 1 एप्रिलपासून मोजले जाते. कलम 234सी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या ठरलेल्या महिन्यांचे हप्ते चुकल्याबद्दल आहे. विवरणपत्र भरताना टीडीएस आणि अग्रिम कर वजा जाऊन जो कर उरतो, त्याला स्वयंनिर्धारण कर म्हणतात. 24 जूनच्या अधिसूचनेने हा उरलेला कर 1 लाख रुपयांपर्यंत असेल तर वाढीव तारखेपर्यंत 234एचे व्याज लागणार नाही असे म्हटले, आणि 1 लाखावर असेल तर ते मूळ तारखेनंतर, म्हणजे 1 ऑगस्ट 2020पासून, लागत राहील अशी अट ठेवली. 234बीच्या व्याजाला या मुदतवाढीने हात लावला नाही.

करसल्लागार : एका छोट्या व्यावसायिकाचा हिशेब मांडून पाहावा. त्याचा 80,000 रुपये कर उरला आहे, अग्रिम कर त्याने पुरेसा भरलेला नाही, आणि मुदतवाढीवर विश्वास ठेवून तो 10 जानेवारी 2021 रोजी कर व विवरणपत्र एकदम भरतो. 234एचे व्याज शून्य. पण 234बीचे व्याज एप्रिल ते जानेवारी असे दहा महिन्यांचे, म्हणजे 8,000 रुपये. दुसऱ्याचा कर 1,50,000 रुपये उरला असेल तर त्याला 234बीचे 15,000 आणि ऑगस्टपासूनच्या सहा महिन्यांचे 234एचे 9,000, असे 24,000 रुपये पडतात. ही रक्कम एका माणसाच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी असते, आणि ती ज्याला भरावी लागते त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते की मुदत वाढली आहे. बँकेचे तातडीचे कर्जही याहून स्वस्त होते. त्या वर्षी सरकारच्या हमीवर जे आपत्कालीन कर्ज छोट्या उद्योगांना मिळाले, त्यावर बँकांना 9.25 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नव्हते. सरकारने हमी दिलेल्या कर्जापेक्षा सरकारची स्वतःची उधारी महाग ठरली.

प्राध्यापक : तुमच्या उदाहरणातल्या माणसाने अग्रिम कर का भरला नव्हता, हा प्रश्न मात्र तुम्ही बाजूला ठेवता. त्याचे वर्ष 31 मार्च 2020ला संपले. त्यातले पहिले तीन हप्ते, जूनचा 15 टक्के, सप्टेंबरपर्यंतचा 45 टक्के आणि डिसेंबरपर्यंतचा 75 टक्के, महामारीच्या आधी येऊन गेले. त्याने ते भरले असते तर उरलेला कर 80,000 झालाच नसता. आधीच्या बेशिस्तीचे ओझे साथीच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि 1 लाखाची रेषा आखण्यामागे सरळ विचार होता, की मोठी थकबाकी असलेल्याने मुदतवाढीचा उपयोग बिनव्याजी कर्जासारखा करू नये.

प्राध्यापकांचा हा युक्तिवाद वरवर अभेद्य वाटतो, पण तो घाईने केलेला आहे. अग्रिम कराची पद्धत नियमित पावत्या असलेल्या व्यवसायाला सोयीची आहे; ज्याचे मोठे बिल फेब्रुवारीत मंजूर होते आणि मार्चअखेर हाती येते, त्या कंत्राटदाराला डिसेंबरमध्ये 75 टक्के भरण्याचा अंदाज बांधता येत नाही. मार्चअखेरीला सरकारी खात्यांची देयके निघतात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या कंत्राटदाराला ठाऊक आहे, आणि 2020मध्ये नेमकी तीच वेळ टाळेबंदीत सापडली. करसल्लागारांनी हा मुद्दा घेतला नाही. त्या नव्या वर्षाच्या हप्त्यांकडे वळल्या.

करसल्लागार : मागचे वर्ष सोडून द्या, सर. 15 जून 2020चा हप्ता घ्या. त्या दिवशी पुढच्या मार्चपर्यंत किती कमाई होईल हे कोण सांगू शकत होते? एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन आधीच्या वर्षीच्या तुलनेत 23.9 टक्क्यांनी आक्रसले, हा पहिला अंदाजही सरकारने 31 ऑगस्टला जाहीर केला. सांख्यिकी मंत्रालयाला जे अडीच महिन्यांनी कळले, ते किराणा दुकानदाराने जूनच्या मध्यावर ओळखावे अशी कायद्याची अपेक्षा होती. अंदाज चुकला की 234सी. हप्त्यांच्या तारखा त्या वर्षी हलल्याच नाहीत.

प्राध्यापक : पण हप्ता अंदाजावर असतो म्हणूनच तो आपोआप खाली येतो. उत्पन्न दिसत नसेल तर हप्ता भरायचा नाही. कायदा जूनमध्ये 15ऐवजी 12 टक्के आणि सप्टेंबरमध्ये 45ऐवजी 36 टक्के भरले तरी व्याज घेत नाही, म्हणजे चुकीला थोडी जागा त्याने मुळातच ठेवलेली आहे. ज्यांचे वर्षभराचे देणे 10,000 रुपयांहून कमी आहे त्यांना अग्रिम कर लागू नाही, आणि व्यवसाय नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांनाही नाही. मग हप्त्याच्या मुदतवाढीचा लाभ कोणाला झाला असता? ज्याला उत्पन्न आहे त्यालाच. त्यापलीकडेही पाहा. फेब्रुवारी 2020मध्ये खुद्द सरकारनेच सांगितले होते की देशात प्रत्यक्ष आयकर भरणाऱ्या व्यक्ती दीड कोटीच्या आसपास आहेत. रस्त्यावरून चालत गावी निघालेला मजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई यांपैकी कोणीही आयकराच्या मुदतवाढीने एक रुपयानेही सुखी होत नाही. आणि त्या दीड कोटींतही मोठा भाग पगारदारांचा आहे, ज्यांचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. त्यांना कोणी मुदत दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च 2020चे वेतनच दोन टप्प्यांत दिले. वर्ग अ आणि ब यांना आधी निम्मे, वर्ग क यांना 75 टक्के, आणि पूर्ण वेतन फक्त वर्ग ड यांना. म्हणजे मुदतवाढ झाली, पण ती कर्मचाऱ्याने सरकारला दिलेली.

करसल्लागार : ते अन्यायकारक होते म्हणून हेही तसेच असावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्राध्यापक : अर्थ असा होतो, की पुढे ढकललेला कर कोणीतरी आज भरतोच. आयकराचे निव्वळ उत्पन्न, अधिभार आणि उपकर वगळता, राज्यांबरोबर वाटले जाते. त्या वर्षी वाटपयोग्य निधीतील 41 टक्के वाटा राज्यांचा होता. तो उशिरा आला की राज्यांचे हातही बांधले जातात. मे 2020मध्ये महाराष्ट्राने विकासखर्चाला 67 टक्के कात्री लावली, नवी कामे आणि नवी भरती थांबवली. आणि केंद्राने काय केले? मार्चमध्ये पेट्रोल-डिझेलवरचे शुल्क लिटरमागे 3 रुपयांनी वाढवले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर 10 व डिझेलवर 13 रुपये आणखी चढवले. जूनपासून महाराष्ट्रानेही आपला उपकर 2 रुपयांनी वाढवला. या करांना मुदतवाढ नसते. दूध घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याने ते त्याच दिवशी पंपावर भरले.

इंधनाचा हा दाखला प्राध्यापकांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे, आणि करसल्लागारांकडे त्याला थेट उत्तर नव्हते. करआकारणीचा भार थेट करांवरून अप्रत्यक्ष करांवर, म्हणजे वस्तूच्या किमतीतून सर्वांकडून सारखा घेतल्या जाणाऱ्या करांवर, सरकला की तो तुलनेने गरिबावर अधिक पडतो, हे सार्वजनिक वित्ताचे प्राथमिक सूत्र आहे. तरीही या दाखल्यातून निघणारा निष्कर्ष प्राध्यापक समजतात तितका सरळ नाही. शुल्कवाढीच्या वेळी जागतिक बाजारात कच्चे तेल कोसळले होते, आणि केंद्राने ती घसरण ग्राहकापर्यंत पोहोचू न देता तिजोरीत वळवली. आयकराचे व्याज आणखी कमी केले असते तर शुल्क आणखी वाढले असते, असे मानायला आधार नाही.

करसल्लागार : दोन निर्णय मात्र चांगले झाले, आणि त्यांची चर्चा कमी होते. 8 एप्रिल 2020 रोजी 5 लाख रुपयांपर्यंतचे सगळे अडकलेले परतावे, म्हणजे जादा भरलेल्या कराचे रिफंड, तातडीने देण्याचे ठरले; सुमारे 14 लाख करदात्यांना त्याचा फायदा होणार होता. तो करदात्याचाच पैसा होता, पण तो वेळेवर आला.

प्राध्यापक : आणि दुसरा टीडीएसचा. 14 मे 2020 ते 31 मार्च 2021 या काळात पगाराखेरीज इतर बहुतेक देयकांवरील दर पाव हिश्श्याने कमी केले. व्यावसायिक शुल्कावरचे 10 टक्के साडेसातवर आले, वैयक्तिक कंत्राटदारावरचा 1 टक्का पाऊण टक्क्यावर. त्यातून 50,000 कोटी रुपये बाजारात खेळते राहतील असा सरकारचा अंदाज होता. तुम्ही मागता ती मुदतवाढ खऱ्या अर्थाने हीच होती, कारण अर्ज किंवा तारीख न पाहता ती बिलाबरोबर हातात पडली.

करसल्लागार : पडली, पण कापलेला कर कमी झाला म्हणजे अग्रिम कराची जबाबदारी तेवढी वाढली. ज्याला नफा झाला त्याला तेच पैसे हप्त्यांत भरावे लागले, आणि ज्याला हे कळले नाही त्याला पुन्हा 234बी आणि 234सी. तोट्यात गेलेल्याला मात्र नक्कीच उपयोग झाला. एरवी त्याचा कापलेला कर वर्षभराने परत मिळाला असता.

या एका ठिकाणी दोघे जवळजवळ एकमताला आले. ज्याचे उत्पन्न बुडाले आहे त्याला कापणीचा दर कमी करणे आणि परतावा लवकर देणे उपयोगी पडते. ज्याचे उत्पन्न मागच्या वर्षी झाले आणि रोकड या वर्षी अडकली, त्याला व्याजमुक्त मुदत लागते. 2020च्या उपायांत पहिल्याची सोय बरी झाली, दुसऱ्याची अर्धवट. बँककर्जाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांचे हप्ते लांबवू दिले, पण व्याज चालू ठेवले. ऑक्टोबरमध्ये केंद्राने 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरचे व्याज स्वतः भरण्याची योजना आणली, आणि 23 मार्च 2021 रोजी न्यायालयाने रकमेची ही मर्यादा न मानता लांबवलेल्या हप्त्यांवर कोणाकडूनही चक्रवाढ व्याज घेऊ नये असे ठरवले. न्यायालयाने साधे व्याज मात्र माफ केले नाही. कर्जदारांबद्दलच्या या निकालात प्राध्यापकांना आणि करसल्लागारांना दोघांनाही आपापला आधार सापडतो.

करसल्लागार : शेवटचा मुद्दा, सर, आणि तो आपल्या शिस्तीच्या बाजूला अडचणीचा आहे. त्याच अध्यादेशाने करदात्याला जसा वेळ दिला तसा आयकर विभागालाही दिला. जुनी प्रकरणे पुन्हा उघडण्याची विभागाची मुदत अधिसूचनांनी 30 जून 2021पर्यंत वाढवली. मध्यंतरी 1 एप्रिल 2021पासून फेरआकारणीची नवी पद्धत लागू झाली होती, ज्यात नोटीस काढण्याआधी करदात्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक होते. तरी विभागाने सुमारे 90,000 नोटिसा जुन्याच पद्धतीने काढल्या. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी त्या रद्द केल्या. 4 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्या नव्या पद्धतीच्या नोटिसा समजून जिवंत ठेवल्या, आणि 3 ऑक्टोबर 2024च्या निकालात ही वाढीव मुदत नव्या पद्धतीलाही लागू होते असे मान्य केले. करदात्याची सवलत काही महिन्यांत संपली. विभागाच्या सवलतीवर तीन वर्षांहून अधिक काळ खटले चालले.

प्राध्यापक : कार्यालये दोन्ही बाजूंची बंद होती. विभागाची मुदत वाढवली नसती तर करचुकवेगिरीची प्रकरणे केवळ टाळेबंदीमुळे कालबाह्य झाली असती.

करसल्लागार : मग तोच न्याय 8,000 रुपयांच्या व्याजाला का लावला नाही?

याला प्राध्यापकांनी महसुलाच्या अनिश्चिततेचे उत्तर दिले. 2020च्या वसंतात वर्षअखेर काय हाती लागेल हे कोणालाच दिसत नव्हते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. 2020-21च्या अर्थसंकल्पाने थेट करांतून 13.19 लाख कोटी रुपयांची अपेक्षा ठेवली होती, सुधारित अंदाज 9.05 लाख कोटींवर आला, आणि प्रत्यक्षात सुमारे 9.45 लाख कोटी जमा झाले. आधीच्या वर्षापेक्षा ही वसुली दहा टक्क्यांच्या आसपास कमी होती, पण भीती होती तितकी कमी नव्हती.

त्यामुळे प्राध्यापकांचा सर्वसाधारण मुद्दा, म्हणजे सरसकट मुदतवाढ ही मुख्यतः उत्पन्न असलेल्यांना मिळते आणि तिची किंमत इतर मोजतात, हा टिकतो, आणि 1 लाखाची रेषाही योग्य ठरते. त्या रेषेच्या आतल्या करदात्याला 234एचे व्याज माफ करून 234बीचे चालू ठेवणे मात्र समर्थनीय नव्हते. त्यासाठी नवा अध्यादेशही लागला नसता, कारण आयकर कायद्याच्या कलम 119ने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला 234ए, 234बी आणि 234सी या तिन्ही कलमांचे व्याज करदात्यांच्या एखाद्या वर्गासाठी शिथिल करण्याचा अधिकार आधीपासून दिलेला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत विवरणपत्राची तारीख 31 जुलै 2021वरून आधी 30 सप्टेंबरवर आणि मग 31 डिसेंबरवर गेली. 1 लाखाची अट तशीच राहिली, आणि 234बीचे व्याज त्या वर्षीही 1 एप्रिलपासून चालू राहिले.